कासवाचा रस्ता

झेस्तापोनीत या हिवाळ्यात वीज चार तास येते,
कोणते चार, ते विजेलाच ठाऊक.
बंद पडलेल्या कारखान्याच्या सभागृहात
आठ पट, सोळा बायका, रॉकेलची एक शेगडी.
शेगडीजवळच्या पटासाठी
चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

नाझिब्रोलाला दारालगतचा पट आला.
तिनं ओव्हरकोट काढला नाही.
समोर तेकले, वय पंधरा,
हातमोज्यांची बोटं कापलेली.
राजापुढचं प्यादं तिनं दोन घरं रेटलं,
दार ढकलून आत यावं तसं.

नाझिब्रोलानं आपलं प्यादं
एकच घर सरकवलं.

तीस वर्षं ती हेच करत आलेय.
चहाच्या कारखान्यात हिशेब लिहायची तेव्हाही,
सुखुमीचा रस्ता बंद झाला
आणि भाऊ पलीकडे राहिला त्या वर्षीही.
फ्रेंच बचाव. लोक म्हणतात, आखडता खेळ,
म्हातारीचा खेळ.
ती बावीस वर्षांची होती तेव्हाही म्हणायचे.

या बचावाची किंमत आधीच मोजावी लागते,
हॉटेलात खोलीचं भाडं आगाऊ द्यावं तशी:
पांढऱ्या घरांवरून तिरपा चालणारा आपला उंट
कोंडला जातो,
कारण पुढच्या पांढऱ्या घरांवर
आपलीच प्यादी पाय रोवून उभी असतात.

इथल्या भाषेत उंटाला कासव म्हणतात.
मला हे कळलं तेव्हा आधी हसू आलं.
मग पटाकडे पाहिलं,
ते तिथंच होतं, मान आत घेऊन.

तेकलेला हे सगळं पाठ आहे.
शिकवलं नाझिब्रोलानंच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
मक्याची भाकरी निवत ठेवून:
"साखळी तोंडाशी तोडायची नाही पोरी,
मुळाशी तोडायची."
आता पोरगी पलीकडे बसलीय
आणि त्या मुळावर तिनं
तीन पहारेकरी उभे केलेत.

अठ्ठाविसाव्या खेळीला दिवे गेले.

पंच ओतिया काडेपेटी शोधताना खुर्चीला अडखळला,
कुणीतरी खुदकन हसलं,
कुणाच्या तरी पटावरून एक मोहरं घरंगळत गेलं
पार भिंतीपर्यंत.
घड्याळं किल्लीची. त्यांना विजेशी देणंघेणं नाही.
नाझिब्रोलाच्या बाजूची टिकटिक चालूच.
थांबवा म्हणायचा हक्क होता तिला.
ती गप्प बसून राहिली,
आणि त्या काळोखात चौसष्ट घरं
एकेक करून उजळत गेली तिच्या डोळ्यांत,
तेव्हा तिला दिसलं:
कासवाचा रस्ता पुढून नाहीच.
तो मागून आहे.

मेणबत्ती आली.
तिनं उंट उचलला, डोकं झिजून गुळगुळीत झालेला,
आणि एक घर मागे ठेवला, शेवटच्या ओळीत.
तेकलेच्या कपाळाला आठी पडली.
पुढच्या खेळीत तो कडेच्या फटीतून
थेट बाहेर, पटाच्या काठावर,
आणि तेकलेचा घोडा जागच्या जागी खिळला.
पोरीनं बोटं हातमोज्यांत आत ओढून घेतली.

एकोणचाळिसाव्या खेळीला
नाझिब्रोलाच्या घड्याळाचा झेंडा पडला.
डाव जिंकत आलेला. एक खेळी उरलेली.

ओतिया वाकून हळूच म्हणाला,
"अंधाराची नऊ मिनिटं परत मागता येतील,
मी लिहून घेतो."
"कशाला?" ती म्हणाली,
"अंधारात मी खेळतच होते."

गुण तेकलेच्या नावावर लागला.
तिनं सही केली, अक्षर वाकडं आलं.
शेगडीजवळचा पट तोवर रिकामा झाला होता;
दोघी तिथं जाऊन बसल्या,
मोहरी पुन्हा लावली,
नाझिब्रोलानं कोटाचं वरचं बटण सोडलं.

तेकले थोडा वेळ नुसतीच बघत राहिली,
मग तिनं पट उलटा फिरवला,
काळी बाजू आपल्याकडे.